प्रश्न तिसरा

कवितेखाली तीन प्रश्न आहेत.
पक्षी कोणता? पाणलावा.
प्रतिमा कोणत्या? दोन ओळींत लिहा.
कवितेत कोणता भाव आहे?
उत्तर माझ्या पुस्तकात मागे छापलंय: आनंद.

मी ते फळ्यावर लिहिलं.
मे महिना. समोरच्या डोंगराच्या खांद्यावर
बर्फाचा मळका टॉवेल अजून तसाच.
वर्गात अकरा मुलं, सहा जणांना सर्दी,
आणि कविता सांगत होती
की पाणलाव्याच्या गळ्यातून वसंत वाहतो.

"गळ्यातून नाही," सोल्वी म्हणाला.
हात वर न करता. तो कधीच हात वर करत नाही.
"शेपटीतून."

मग वही बाजूला सारून त्याने दाखवलं,
शेपटीची कडेची दोन पिसं
कशी ताठ बाहेर येतात,
वारा त्यांतून कसा थरथरत जातो.
त्याची करंगळी खरंच थरथरत होती.
"चढताना गप्प असतो तो.
पडतानाच वाजतो."

मी खडू खाली ठेवला.
वीस वर्षं ही कविता शिकवतेय
आणि वीस वर्षं हा पक्षी
माझ्या पत्र्याच्या छपरावर रात्रभर,
म्हणजे मे महिन्यात आम्ही ज्याला रात्र म्हणतो
त्या करड्या उजेडात,
पडतोय, वाजतोय, पुन्हा चढतोय.
मी मात्र गळाच म्हणत आले.
कवी रेक्याविकचा होता, शहरातला.
मी तर इथलीच, या फ्योर्डच्या काठची.

आमच्या भाषेत याचं नाव घोडकोकीळ.
आभाळात कुणी घोडं खिंकाळावं तसा आवाज.
बघा, मी म्हणाले, प्रतिमा नावातच आहे,
लिहून घ्या: खूर नसलेला घोडा.
लगाम नसलेला, इल्फा म्हणाली.
पोट बिघडलेला, ब्रिन्यार म्हणाला. सगळे हसले.
मीही.

सोल्वी हसला नाही,
आणि मला तेव्हाही आठवलं नाही
की सप्टेंबरात त्यांच्या कुरणातून
चौदा घोडी ट्रकमध्ये चढवली गेली.
शेवटची मोसा. ती फळीवर पाय ठेवेना.
तेव्हा सोल्वीलाच पुढे चालायला लावलं,
मुठीत पावाचा तुकडा देऊन.
हे मला दुकानात कळलं होतं, लोकर घेताना.
मी बरं म्हणून
सुयांचा भाव विचारला होता.

जुनी माणसं सांगतात, वर्षात पहिल्यांदा
तो कुठून ऐकू आला ते ध्यानात ठेवावं.
डोक्यावरून आला, तर वर्ष सुखाचं.
पायांखालून आला, तर घरात माती.
रिकाम्या कुरणावरून आला तर काय,
हे कुणी सांगून ठेवलेलं नाही.

वह्या घरी आणल्या.
आनंद. आनंद. आणंद. उत्साह.
इल्फाने खोडून पुन्हा आनंद.
सोल्वीच्या वहीत, भाव या शब्दापुढे: कुंपण.
आणि खाली, मी न मागितलेलं स्पष्टीकरण,
पेन्सिलीने, ओळ सोडून:

"तो वाजला की बाबा दार उघडतात.
मोजे घालूनच तारेपर्यंत जातात.
तिथे काही नसतं.
तरी तार धरून उभे राहतात.
मग आत येऊन म्हणतात, पक्षी होता."

दहापैकी किती?
लाल पेनचं टोपण मी तीनदा काढलं, तीनदा लावलं.
कॉफीवर साय धरली.
बाहेर काहीच ऐकू येत नाही,
म्हणजे तो वर चढत असणार.

खिडकी उघडून ठेवलीय.
थंडी येतेय. येऊ दे.